मालक, एवढं ठिगळ लावून घ्या

ज्याचं काम झालं त्याच्याकडं सांगायला किस्सा नसतो. अर्ज दिला, सही झाली, घरी आला. यात काय सांगणार? किस्से साठतात ते काम न झालेल्यांकडं. आमच्याकडं किती साठले असतील याचा अंदाज त्यावरून करा. अंबाजोगाईत माझा कॉम्प्युटर क्लास होता. लाईट गेली की पुठ्ठ्यानं वारा घेत आम्ही तेच ते किस्से सांगत बसायचो, आणि लाईट तर रोजच जायची. सांगणारे आम्हीच, ऐकणारेही आम्हीच. दादाराव म्हणायचा, "सर, आपलं कसं हाय, रडून झालं की हसायचं, अन् हसून होतंय तवर लाईट येती."

आम्ही म्हणजे तिघं. क्लास माझा. दुसरा शिवलिंग, घाटनांदूरचा. त्याच्या वडिलांचं तिथं किराणा-भुसाराचं दुकान. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. तिसरा दादाराव, शिरूर कासारकडचा. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे आणि हा मागं राहून शिकला. इतका शिकला की ओळखीपाळखीतल्या सगळ्यांचे इंग्रजी अर्ज त्याच्याच हातचे असायचे. शिवलिंगला कॉम्प्युटरच्या पोटातलं कळायचं, दादारावला इंग्रजी यायचं आणि माझ्याकडं टेलिफोन होता. अशी आमची कंपनी.

देशाचा बाजार नुकता मोकळा झाला होता, असं पेपरात यायचं. आमच्याकडं शाम्पूच्या पुड्या आल्या आणि थोड्या वर्षांनी माझ्या क्लासात इंटरनेट आलं. तेही फोनच्या तारेवरून, रडतखडत.

इंटरनेटवरून फायली ओढून आणायचा एक फुकटचा प्रोग्राम आम्ही वापरायचो. जगभरच्या लोकांनी मिळून केलेला. त्याचं आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, चूक सापडली तर दुरुस्त करावी. पण दुरुस्ती आपल्यापाशी ठेवून उपयोग नाही. बदललेल्या तेवढ्याच ओळी प्रोग्राम सांभाळणाऱ्याला मेलनं पाठवायच्या. त्याला पटलं तर तो त्या मूळ प्रोग्रामात घालतो आणि मग ती दुरुस्ती सगळ्या जगाला मिळते. याला पॅच म्हणतात. आम्ही ठिगळ म्हणायचो. सांभाळणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहायचा, आणि त्याला आम्ही मालक म्हणायचो.

आमची फोनची लाईन सारखी तुटायची. तुटली की आलेल्या फायलीचं शेवटचं टोक खराब व्हायचं, आणि हा प्रोग्राम त्या खराब टोकालाच पुढचा तुकडा जोडायचा. दिवसभर ओढलेली फाइल उघडायचीच नाही. शिवलिंगनं ते दुरुस्त केलं. लाईन तुटली की प्रोग्रामनं थोडं मागं यायचं, खराब टोक टाकून द्यायचं आणि तिथून पुन्हा ओढायला लागायचं. तुटलेला दोर जोडताना पिंजलेलं टोक कापतात, तसं. पानभर ओळींचं काम होतं आणि आमच्या मशीनवर झकास चाललं.

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचे साहेब इथल्या कॉलेजात भाषणाला आले. शिवलिंगनं त्यांना गाठलं. साहेब मोकळ्या मनाचे. म्हणाले, "मार्क राहू दे. या प्रोग्रामात तुझी दुरुस्ती लागली आणि तिथं तुझं नाव आलं, की मला येऊन दाखव. नोकरी देतो."

घरी आप्पा म्हणाले, "पाडव्यापस्तोर बग. न्हाई जमलं तर गल्ल्यावर बस. माज्यानं आता पोती हालत न्हाईत." तेही खरंच होतं; त्यांचे गुडघे गेले होते. तर शिवलिंगचं सगळं आयुष्य एका ठिगळावर आणि त्याखालच्या नावावर येऊन थांबलं. पुढचे किस्से हसत हसत सांगतो आम्ही, पण हे ध्यानात ठेवून ऐका.

*

पहिला मेल अर्थातच दादारावनं लिहिला. आदरणीय महोदय. आपण व आपले कुटुंबीय ईश्वरकृपेने कुशल असाल अशी आशा आहे. मी खाली सही करणार, राहणार घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, अत्यंत नम्रपणे निवेदन करतो की. मग शिवलिंगचं शिक्षण. मग तो निर्व्यसनी असल्याचं. मग, मालकांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा अशी विनंती. आपला आज्ञाधारक. स्थळ, दिनांक. सोबत: पॅच एक. आणि त्याच्या खाली, पार तळाशी, ठिगळ.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एक ओळ. "पॅच कुठे आहे?"

दादाराव भडकला. "तब्येतीचं इचारलंय मी, त्याचं उत्तर कुठं हाय?"

मग त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका भल्या माणसानं कळवलं, की इथं सर-बिर म्हणत नाहीत, नुसतं नाव लिहा, दोन ओळींत काय ते सांगा. नुसतं नाव! शिवलिंगनं आयुष्यात थोरल्या माणसाला नावानं हाक मारली नव्हती. मालकाचं नाव टाइप करायचा आणि पुसायचा, पुन्हा टाइप करायचा आणि पुसायचा. शेवटी त्यानं ना नाव लिहिलं ना सर लिहिलं, एकदम ठिगळानंच सुरुवात केली. मालक म्हणाले, "आता ठीक आहे. सवडीनं बघतो." दादारावला ते फार लागलं. इतकी वर्षं तो ज्याला इंग्रजी समजत होता, ते त्यांना नकोच होतं.

*

हे झालं दसऱ्याच्या आसपास. दादारावचे आईवडील त्याच दिवसांत टोळीबरोबर कारखान्याकडं निघून गेले.

मालकाचं पुढं काही नाही. मी म्हणालो, आठवणीचा एक मेल टाकू. शिवलिंगनं कानाला हात लावले. त्यांच्या घरची रीत अशी, की मोठ्या माणसाला काम एकदा सांगायचं. पुन्हा विचारलं तर तुमच्यावर भरवसा नाही असं होतं, आणि होणारं कामही बिघडतं. मग काय, थांबलो. दिवाळी गेली. संक्रांत गेली. शिवरात्र गेली. शिवलिंग रोज सकाळी घाटनांदूरहून जीपला लटकून यायचा, मेल उघडायचा, बंद करायचा आणि पोरांना शिकवायला लागायचा.

पाडव्याच्या तोंडावर टोळी परत आली. दादारावचे वडील त्याला भेटायला क्लासात आले. हातावर पाचटाचे ओरखडे तसेच होते. माठातलं पाणी प्याले आणि शिवलिंगला म्हणाले, "आमी कारखान्याला जाऊन आलो की रं. त्यानं आजून बगितलंच न्हाई?"

त्या दिवशी मी कुणालाही न विचारता आठवणीचा मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर. "अरे, मग आधीच का नाही आठवण करून दिलीस? मला रोज ढीगभर मेल येतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी आठवण करून देणं हे पाठवणाऱ्याचं काम. आता मधल्या काळात प्रोग्राम पुष्कळ बदललाय, तुझं यात बसणार नाही. नव्या प्रतीवर करून पाठव."

शिवलिंग म्हणाला, "सर, म्हंजी तिकडं गप बसनं हाच उर्मटपणा हाय." पाडवा झाला. आप्पांनी मुदत वाढवून दिली. "मोठा मानूस हाय, येळ लागनारच. पुढला पाडवा."

*

नव्या प्रतीवर काम करताना शिवलिंगला त्या फायलीत फार गबाळेपणा दिसला. ओळी वाकड्यातिकड्या, कुठं जागा जास्त, कुठं कमी. आपण पाहुण्याच्या घरी गेलो आणि अंगणात पाला दिसला तर झाडू हातात घेतोच. त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळी फाइल देखणी केली आणि मध्ये आपलं ठिगळ लावलं. मालक खूश होतील म्हणून त्या दिवशी तो नवा सदरा घालून आला होता.

मालक कडाडले. "हे काय आहे? सगळी फाइल बदललीस. त्यातल्या कामाच्या ओळी कुठल्या, ते मी शोधत बसू? एका पॅचमध्ये एकच गोष्ट. बाकी कशाला हात लावायचा नाही."

शिवलिंग दोन-तीन दिवस क्लासकडं फिरकला नाही. घरी आप्पांना त्यानं झालेलं सांगितलं. आप्पा गिऱ्हाइकाला शेंगदाणे मोजून देत होते. म्हणाले, "बराबर हाय त्याचं. दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून त्याची चिल्लर लावू न्हाई. तू लाख चांगल्यानं लावशील, त्याला वाटंल ह्यानं हात कावून घातला." मालकाची बाजू आप्पांनी घेतली ती तेवढी शेवटची. शिवलिंगनं पुन्हा सगळं मोडलं, ओळी पहिल्यासारख्या वाकड्या करून ठेवल्या आणि नुसतं ठिगळ पाठवलं.

*

पुन्हा शांतता. आता आप्पांचा धीर सुटला. त्यांचा जन्म व्यापारात गेलेला. "ओळखीबिगर कुठं काम हुतंय का? त्यो तुला वळखत न्हाई. तुज्या घरान्याचं त्याला काय ठावं?"

त्यांचे एक पाहुणे मोठे आडते होते, मार्केट यार्डात वजन असलेले. आप्पांनी त्यांच्याकडून लेटरहेडवर शिफारसपत्र आणलं. सदर युवक होतकरू व सुस्वभावी असून त्यास मी लहानपणापासून ओळखतो, तरी त्याचे काम अग्रक्रमाने करावे. खाली सही आणि गोल शिक्का. दादारावनं त्याचं इंग्रजी केलं. मी पत्र शिक्क्यासकट स्कॅन करून मेलला जोडलं. शिवलिंग नको नको म्हणत होता, पण बापाच्या शब्दापुढं त्याचं काही चाललं नाही.

एक गोष्ट आम्ही विसरलो. हे मेल एकट्या मालकाला जात नसत. त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या सगळ्यांची एक मेल-यादी होती, आणि तिथं टाकलेलं जगभर पोचायचं. तर आडत्यांचं लेटरहेड जगभर पोचलं. फाइल एवढी मोठी झाली होती की कुणाकुणाचा मेल तुंबला.

एकानं विचारलं, "हे गृहस्थ कोण? प्रोग्रामचा कुठला भाग सांभाळतात?"

दादारावनं खरं ते कळवलं. "मार्केट यार्ड."

त्या सद्गृहस्थानं मार्केट यार्ड नावाचा भाग प्रोग्रामात शोधला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला, की मला सापडत नाही, नवीन आहे का? घाटनांदूरला आप्पा रोज विचारायचे, "शिक्का दिसला का त्याला? नीट दिसला का?"

*

मग एकदाचं मालकानं लक्ष घातलं. लिहिलं, "मी इथं करून बघितलं. माझी लाईन तुटतच नाही, त्यामुळे तू म्हणतोस ती चूक मला दिसत नाही. चूक कशी घडवायची ते पायरी-पायरीनं सांग."

शिवलिंगला फार आनंद झाला. कुणीतरी पहिल्यांदाच त्याला नीट प्रश्न विचारला होता. त्यानं दादारावला बाजूला बसवलं आणि स्वतः लिहिलं. एक, टेलिफोनची तार रस्त्यावरून आडवी न्या आणि समोरच्या लिंबाला बांधा. दोन, फाइल ओढायला सुरुवात करा. तीन, कडब्यानं उंच भरलेली बैलगाडी तारेखालून जाऊ द्या. चार, गाडी आली नाही तर दुपारच्या वाऱ्याची वाट बघा. पाच, वाराही नसेल तर शेजारच्या गिरणीवाल्याला गिरणी चालू करायला सांगा. लाईन तुटेल. सहा, फाइल उघडून बघा.

प्रत्येक शब्द खरा होता. तार लिंबालाच बांधलेली होती, ती मीच बांधली होती.

मालकाचं उत्तर आलं, "हे वाचून मी खुर्चीवरून पडलो." आणि पुढं दोन टिंबं आणि एक कंस. तोवर आम्हाला कळलं होतं की ते आडवं पडलेलं हसरं तोंड आहे. मग यादीवरचा प्रत्येक जण एकेक आडवं तोंड पाठवायला लागला. एकानं विचारलं, बैल कुठल्या कंपनीचे वापरता? कुणीतरी ते सगळं उचलून प्रोग्रामच्या गमतीजमतींच्या पानावर लावून टाकलं.

शिवलिंगनं लिहिलं, ही गंमत नाही. त्यावर आणखी आडवी तोंडं. तेव्हापासून यादीवर त्याची ओळख झाली ती विनोदी माणूस म्हणून. हा शिवलिंग, जो लग्नाच्या वरातीतसुद्धा हसायचा नाही. काहीही पाठवलं की लोक हसायची तयारी करूनच वाचायचे. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. आमच्या रोजच्या जगण्यातल्या पाच-सहा ओळी जशाच्या तशा लिहिल्या, तर ती जगाला थट्टा वाटली. ठिगळ मात्र कुणी उघडून बघितलं नाही.

दादाराव म्हणाला, "त्वांड आडवं हाय तवर आपलं काय खरं न्हाई."

*

याच यादीवर कुठल्याशा देशातल्या एका पोरानं एक ठिगळ पाठवलं. मालकानं त्याला असा झोडला की विचारू नका. असला कोड लिहिण्यापेक्षा शेळ्या राख, तुला कीबोर्ड कुणी दिला, वगैरे. आम्ही तिघं ते वाचून गार पडलो. दादारावला त्या पोराच्या आईवडिलांची काळजी वाटायला लागली.

संध्याकाळी बघतो तर त्या पोरानं चुका दुरुस्त करून पुन्हा पाठवलं होतं आणि मालकानं ते लावूनही टाकलं होतं. खाली त्या पोराचा मेल, "आभार, मजा आली."

शिवलिंग म्हणाला, "सर, त्याला शिव्या घातल्या अन् त्याचं घेतलं. मला शिव्या तरी कुठं घालायलाय? नुसतं हासायलाय."

दादारावनं मान हलवली. "बे शिवा, चुलता भांडतोय तवर घर एक असतं. बोलनं बंद केलं की वाटनी झाली समजायचं." यानंतर शिवलिंग मालकाच्या शिव्यांची वाट बघायला लागला. शिव्या खाण्यासाठी मुद्दाम दोन चुका ठेवून ठिगळ पाठवावं का, असंही त्यानं मला एकदा विचारलं. मी नको म्हणालो. ते तरी बरोबर होतं की नाही, देव जाणे.

*

आणि मग काही कारण नसताना काम झालं.

एका सकाळी मेल उघडला तर मालकाचे दोन शब्द. "लावलं. आभार."

आम्ही तिघांनी आळीपाळीनं ते वाचलं. वाचायला फार नव्हतंच. दादारावनं प्रिंट काढली आणि घाटनांदूरला फोन करून आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "शिक्का कामाला आला."

दुसरा पाडवा यायचा होता, म्हणजे मुदतीत बसत होतं. शिवलिंग पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेला. सोबत मीही गेलो. साहेबांनी शिवलिंगला ओळखलं, चहा मागवला. मग त्यांनी कॉम्प्युटरवर त्या प्रोग्रामचा इतिहास उघडला. कुणी कधी काय बदललं हे तिथं ओळीनं दिसतं. शिवलिंगचं ठिगळ होतं, जसंच्या तसं. वर नाव मालकाचं. शेजारी मालकानं लिहिलं होतं, "लाईन तुटल्यावर टोक खराब होतं, त्याची दुरुस्ती. सुट्टीत डोंगरातल्या झोपडीत गेलो होतो, तिथं त्रास झाला."

साहेब खालीवर शोधत राहिले. "तुझं नाव कुठंय?"

शिवलिंगनं मेलची प्रिंट दाखवली. साहेबांनी ती वाचली आणि परत दिली. म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण मला वर कुणाला तरी दाखवावं लागतं. लावलं, आभार, यात कुणाचं काय लावलं ते कुठं दिसतं? त्यांना सांग नाव घालायला. तोवर जागा ठेवतो."

परतीच्या एसटीत शिवलिंग खिडकीला डोकं टेकून बसला होता. जामखेडच्या पुढं आल्यावर एवढंच म्हणाला, "झोपडीत तरास झाला म्हनं."

*

नाव मागायचा मेल लिहायला त्याला किती दिवस लागले ते विचारू नका. पंगतीत वाढणाऱ्यानं पानापानाशी जाऊन भाजी मी केली म्हणून सांगायचं, तसं ते त्याला वाटायचं. आप्पा उलट म्हणायचे, "इचार की. हक्काचं हाय. भ्यायलास कावून?" दादारावनं चार पानी मसुदा तयार ठेवला होता. शिवलिंगनं तो घेतला नाही. एका ओळीत लिहिलं, "हे ठिगळ मी केलं आहे, तिथं माझं नाव घालाल का? मला नोकरीसाठी लागतं आहे."

उत्तर तासाभरात आलं. इतकं लवकर आणि इतकं सभ्य उत्तर मालकानं कधीच दिलं नव्हतं. "खरंच माफ कर. घाईत राहून गेलं. आमच्या यंत्रणेत जो लावतो त्याचंच नाव वर येतं, आणि झालेला इतिहास आम्ही बदलत नाही, तसा नियम आहे. पुढचा पॅच पाठवशील तेव्हा तुझं नाव नक्की घालीन. वचन."

शिवलिंगकडं पुढचं ठिगळ नव्हतं. मी म्हणायचो, शोध काहीतरी, कुठंतरी चूक असेलच. तो म्हणायचा, "सर, मला जे टोचत हुतं ते मी काडलं. आता उगंच कुठं हात घालू?" पुण्याच्या कंपनीनं पुढं माणसं घ्यायचं थांबवलं, मग होती ती कमी करायला लागली. साहेबही कुठं गेले कळलं नाही. पाडव्याच्या दिवशी आप्पांनी गल्ल्याची पूजा केली आणि शिवलिंग गल्ल्यावर बसला. मी नारळ घेऊन गेलो होतो. त्यानं तो घेतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकायचा असल्यासारखा मागं फळीवर ठेवून दिला.

*

आता शेवटचा. हा सांगायला दादाराव लागतो, पण तो सध्या पाटोद्याकडं मास्तर आहे, म्हणून मीच सांगतो.

मध्ये बरीच वर्षं गेली. लाईनी जमिनीखालून गेल्या, इंटरनेट दिवसरात्र चालू राहायला लागलं, माझा क्लास बंद पडला. शिवलिंगच्या दुकानात बिलं काढायला कॉम्प्युटर आला. प्रोग्रामचे जुने मालक दमून बाजूला झाले आणि नवा मालक आला, तरुण, हुशार. कुणी कधी काय बदललं ते ठेवायची यंत्रणाही नवी आली. त्या यादीवर मी अजून होतो, सवयीनं.

नव्या मालकानं यादीवर लिहिलं, "खराब टोक कापायचा हा भाग फार जुना आहे. लाईन तुटते असं आता जगात कुठंही होत नाही. यामुळे प्रोग्राम उगीच हळू चालतो. कुणी काढून देईल का?"

मी घाटनांदूरला गेलो. दादारावही त्या दिवशी आला होता, सुट्टी होती. आप्पा आत बाजेवर पडून होते. मी शिवलिंगला मेल वाचून दाखवला. दादाराव उसळला, "हारकत घे. आमच्याकडं आजून तुटती म्हनून सांग."

शिवलिंग म्हणाला, "कुटं तुटती आता?" थोडा वेळ साखर तोलत राहिला. मग म्हणाला, "पन कुनीबी उपटंल तर नीट निगायचं न्हाई त्ये. चार ओळी हिकडं ऱ्हातील, दोन तिकडं. त्याची मुळं मला ठावं हायत."

तो कॉम्प्युटरसमोर बसला. मध्ये गिऱ्हाइकं येत होती, त्यांना दादाराव माल देत होता आणि भाव चुकत होता. शिवलिंगनं एकेक ओळ शोधून काढून टाकली. बाकी कशाला हात लावला नाही. वर नमस्कार नाही, सर नाही, दोन ओळींत काय ते लिहिलं आणि पाठवून दिलं.

आम्ही चहा मागवला. चहा यायच्या आत उत्तर आलं. नव्या मालकानं ते लावून टाकलं होतं. मी इतिहासाचं पान उघडलं. सगळ्यात वर, आज, शिवलिंगचं पूर्ण नाव. दादाराव चष्मा काढून पडद्याजवळ गेला आणि ते नाव मोठ्यानं वाचलं. आतून आप्पांनी विचारलं, "काय झालं रं?"

खाली मालकाचा मेल होता. मी वाचला. "इतका नेटका पॅच फार दिवसांनी बघितला. तुझं नाव आमच्याकडं आधी कुठंच दिसत नाही, म्हणजे हा तुझा पहिलाच ना? स्वागत आहे."

"सांग त्याला," दादाराव म्हणाला. "बे शिवा, सगळं सांग त्याला. न्हाईतर मी लिवतो."

दारात एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन उभी होती. शिवलिंगनं तिला थांबायची खूण केली, हाताची साखर झटकली आणि दोन बोटांनी लिहिलं, "येस सर. फर्स्ट."